चौपाटीवर चालता, मग बांधावरही चाला



आज पिकाची नोंद नाही, चालण्याची आहे. पण शेवटी ती शेतीवरच येते, म्हणून इथंच लिहितोय. थोडं लांब झालंय, सवडीनं वाचा.

१२ जानेवारी २०२४ ला लोकल उरणपर्यंत आली आणि तेव्हापासून रविवारी आमच्याकडं चालणाऱ्यांचे गट उतरायला लागले. खारघर, सीवूड्स, नेरूळ, बेलापूर. पाठीला पिशवी, डोक्याला टोपी, हातात काठी. दिवसभर किनारा चालायचा, खडकांवरून टेकाडाला वळसा घालायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत. आमच्या गावात काही जण त्यांना हसतात. "पैसे खर्च करून पाय दुखवून घ्यायचे, काय हौस!" मला हसू येत नाही. ज्या शहरासाठी आमची जमीन गेली, त्या शहरातला माणूस निदान पायानं या मातीवर येतोय, हे मला बरं वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ही मंडळी अर्धाच किनारा बघून जातात. वाळू बघतात, खडक बघतात, तिवरं बघतात. या सगळ्याला धरून ठेवणारा बांध बघत नाहीत. आणि न बघितलेल्या गोष्टीबद्दल मत मात्र पक्कं करून जातात.

मागच्या महिन्यात असाच बत्तीस जणांचा गट आला. गट चालवणारा पोरगा माझ्या मित्राचा मुलगा. "काका, वाटाड्या म्हणून या," म्हणाला. गेलो.

पहिली गोष्ट तारखेची. त्यांनी रविवार बघितला होता, तिथी बघितली नव्हती. सुदैवानं पंचमी निघाली. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब तुम्हाला माहीत असेलच, पण पोरांसाठी परत सांगतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. पंचमी म्हणजे पाच गुणिले पाऊण, पावणेचार. पावणेचारला भरती, म्हणजे त्याच्या सहा तास आधी, सकाळी पावणेदहाच्या सुमाराला पूर्ण सुकती. खडकावरून टेकाडाला वळसा घालायला हीच वेळ. तोच रविवार पुनवेला आला असता तर ऐन दुपारी पाणी चढलेलं असतं आणि खडकाची वाट बंद. मोबाईलवर भरती-ओहोटीचा तक्ता मिळतो, मान्य. पण बॅटरी संपली की तिथी कामाला येते. गटातल्या दोन इंजिनिअर मंडळींनी हिशोब मोबाईलशी ताडून बघितला, थोड्याच मिनिटांचा फरक आला. ते खूश झाले. मला नवल वाटलं नाही, आमच्या आज्यानं याच हिशोबावर उघाडी सांभाळली.

सकाळी पीरवाडीची आणि केगावची चौपाटी झाली. पीरवाडीला दगडांचा बंधारा टाकलाय, कारण किनारा खातोय समुद्र. जिथं दगड टाकला तिथली माती थांबते, पण लाटेचा जोर मरत नाही, तो बाजूला सरकतो, हे किनाऱ्यावरच्या कुणालाही डोळ्यानं दिसतं. सुरूच्या झाडांची उघडी पडलेली मुळं बघून एकानं विचारलं, "इथं झाडं लावून धूप का थांबवत नाहीत?" मी म्हटलं, लावलेलीच आहेत, तुम्ही त्यांचीच मुळं बघताय. वाळूवर सुरू उभं राहतं, पण लाट खालून वाळू काढायला लागली की त्याचा इलाज चालत नाही. खडकांवर बायका कालवं काढत होत्या. फोटो काढण्याआधी विचारा, एवढं मी आधीच बजावलं होतं. विचारलं त्यांनी, आणि एका मावशीनं त्यांना कालव फोडून दाखवलं सुद्धा.

द्रोणागिरीबद्दल फार लिहीत नाही. काळ्या पाषाणाचा डोंगर, समुद्रात नाक खुपसून बसलेला, वर जुना किल्ला, पोर्तुगीजांच्या काळातल्या खुणा. हनुमंतानं द्रोणागिरी नेताना त्याचा एक तुकडा इथं पडला, ही गोष्ट आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक. खाली करंजा, बोटी, जाळी, सुकत घातलेली मासळी. रेवसला जाणारी तर तिथूनच सुटते. जेवण करंज्यातच झालं, तांदळाची भाकरी आणि वाकट्यांचं कालवण. शाकाहारी लोकांना वालाचं बिरडं. (पोपटी कधी, असं चार जणांनी तरी विचारलं. वालाच्या शेंगा भरल्या की. भांबुर्डीचा पाला आणि मडकं आम्ही आणू, शेंगा विकत घ्या, फुकट नाही.)

जेवताना खाडीपलीकडची तिवरं दिसत होती. बँकेतून निवृत्त झालेल्या एका ताईंनी सरळ विचारलं. आवाजात राग नव्हता, पण प्रश्न टोचणारा होता. "तुम्ही शेतकरी लोक ही कांदळवनं तोडून जमीन बिल्डरला विकायला बघता ना? आम्ही वाचतो नेहमी."

काय उत्तर देणार? कुठंच कुणी तोडत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. भराव कसे पडतात, रात्रीचे डंपर कुणाचे असतात, सगळ्यांना दिसतं. पण "शेतकरी लोक" म्हणून एका ओळीत सगळे बसवले की माझ्यासारख्याचं काय? मी म्हटलं, ताई, चहा थोडा उशिरा घेऊ. गाडी करू आणि पूर्व भागात जाऊ, तुम्हाला बांध दाखवतो. उरणच्या पूर्वेला पिरकोन, आवरे, गोवठणे, वशेणी ही सगळी खाडीकाठची खारजमिनीची गावं. बत्तीसपैकी एकोणीस जण आले. बाकीचे लोकलनं परत गेले, त्यांचा दोष नाही, सकाळपासून चालत होते.

भरतीच्या वेळेला बांधावर उभं राहिलं की फार बोलावं लागत नाही. एका बाजूला खाडीचं पाणी चढलेलं, दुसऱ्या बाजूला भात कापून झालेली खाचरं, आणि खाचरांची पातळी पाण्याच्या खाली. मध्ये मातीचा बांध, वरून दोन माणसं जेमतेम एकमेकांना ओलांडतील एवढा रुंद. सगळे गप्प झाले. एका पोरानं विचारलं, "म्हणजे हा फुटला तर?" तर ते सगळं, त्या घरांपर्यंत. पंचमीचं पाणी होतं ते, त्यात फार जोर नव्हता. पुनवेचं, अवसेचं उधाण, त्यात पावसाळी वारा, आणि डोंगराकडून आलेलं पाणी उघाडी बंद असल्यामुळं आत तुंबलेलं, असे तीन मार एकदम बसतात तेव्हा बांधाची परीक्षा.

उघाडी म्हणजे काय ते तिथंच दाखवलं. बांधातलं दार. आतलं पाणी जास्त झालं आणि बाहेर सुकती असली की झडप आपोआप उघडते, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं मिटते. वीज नाही, मोटर नाही. पण झडपेत एक ओंडका अडकला, प्लास्टिकच्या पिशव्यांचा बोळा बसला, तर दार अर्धं उघडं राहतं आणि दिवसातून दोनदा खारं पाणी आत. शहरातून खाडीत जो कचरा येतो त्यातला किती आमच्या उघाडीत अडकतो, हेही त्या दिवशी त्यांनी बघितलं. मी मुद्दाम काही बोललो नाही.

आता आपल्या लोकांसाठी आणि कृषी क्षेत्रातल्या मित्रांसाठी थोडं सविस्तर.

ही जमीन निसर्गानं शेत म्हणून दिलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या चिखलाचे गोळे डोक्यावरून वाहून, पेंढा घालून, आपल्या वाडवडिलांनी खाडीकडून ती मागून घेतली. शिलोत्री जमिनी हा शब्द जुन्या कागदांत सापडतो तो याच बांधलेल्या जमिनींचा. बांधाची देखभाल गावानं मिळून करायची, त्याला अलिबाग-पेणच्या खारेपाटात जोळ म्हणत. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याच्या घरचं माणूस बांधावर, मग बांध कुणाच्याही खाचराला लागून असो. खोतांच्या काळात कूळ बांधावर राबायचं आणि पीक मात्र निम्म्याहून जास्त खोताकडं जायचं. त्यातूनच चरीचा संप झाला. नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं १९३३ ते १९३९ शेतकऱ्यांनी जमिनी ओस ठेवल्या, पण खोतासाठी नांगर धरला नाही. खारेपाटातला माणूस जमिनीसाठी किती टोकाला जातो ते तेव्हा दिसलं.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा खारजमिनींचा कायदा आला, मग १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा. हेतू चांगला होता. गरीब गावाला मोठा बांध परवडत नाही, तो सरकारनं बांधावा. पण त्यासोबत एक गोष्ट झाली जी कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही. बांध सरकारचा झाला म्हणजे आपला राहिला नाही. जोळ मोडली. पूर्वी खेकड्यानं बीळ पाडलं तर ज्यानं बघितलं तो पायानं चिखल दाबून पुढं जायचा. आता तो फोटो काढून ग्रुपवर टाकतो आणि खाली दहा जण हात जोडल्याचं चित्र टाकतात. माझं स्पष्ट मत आहे, निधीची वाट बघणं आणि बीळ बुजवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठी खांड गावाच्या आवाक्याबाहेरची असते, मान्य. पण प्रत्येक मोठी खांड आधी बीळ असते.

खांड गेली की पुढं काय होतं याची साखळी नीट समजून घ्या, कारण सगळं नुकसान त्या साखळीत आहे. समुद्राच्या पाण्याची क्षारता साधारण पन्नास डेसीसायमन प्रति मीटरच्या आसपास. माती चारच्या वर गेली की तिला क्षारयुक्त म्हणायचं. आणि भात तर तीनच्या वर गेला की उत्पन्न सोडायला लागतो, पुढच्या प्रत्येक एककाला साधारण बारा टक्के. रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात तो सगळ्यात नाजूक. पावसाळ्यात वरचं गोडं पाणी मीठ खाली ढकलतं, म्हणून आपण जून-जुलैच्या पहिल्या जोरदार पावसानं खाचर धुऊन घेतो आणि मगच रहू टाकतो. उन्हाळ्यात तेच मीठ केशाकर्षणानं वर येतं, एप्रिल-मेमध्ये खाचरावर पांढरा थर दिसतो तो हाच. म्हणजे चांगल्या बांधाच्या आतसुद्धा ही लढाई दरवर्षीची आहे. खांड गेली की धुतलेलं मीठ दिवसातून दोनदा परत.

पहिल्या वर्षी भात जातो. पण खरा धोका भाताचा नाही, बियाण्याचा आहे. आणि आपल्या भाताच्या बियाण्याचा नाही, तिवराच्या. तिवराचं बी पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुटतं आणि पाण्यावर तरंगत जातं. जुलैच्या उधाणाला खांड गेली तर त्याच मोसमात बी आत येतं. चिखल तयार, खारं पाणी तयार, मोकळी जागा तयार. दुसऱ्या पावसाळ्यात गुडघाभर रोपं उभी असतात. चार-पाच वर्षांत माणूस दिसणार नाही एवढी झाडी.

आणि मग कायदा येतो. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवन तोडीवर बंदी घातली, सप्टेंबर २०१८ च्या निकालानं ती पक्की केली. भोवतीच्या पन्नास मीटरमध्येही बांधकामाला बंदी. या निकालाला माझा विरोध नाही, हे आधी लिहून ठेवतो. तो आला नसता तर आज पनवेलपासून उरणपर्यंतच्या खाडीकाठाला हिरवा पट्टा शिल्लक दिसला नसता. पण २०१९ ची सागरी किनारा नियमनाची अधिसूचना वाचा. १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीचा बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा त्या बांधापर्यंतच धरायची, असं तिच्यात आहे. वाचून बरं वाटतं. लगेच पुढं म्हटलंय की बांधाच्या आत खारं पाणी शिरून तिथं कांदळवन उगवलं असेल, तर ते क्षेत्र कितीही लहान असलं तरी सगळ्यात कडक वर्गात जाईल. म्हणजे बांध कुणी सांभाळला नाही, खांड कुणी बुजवली नाही, हे कुणी विचारत नाही. झाड आहे का, एवढंच विचारतात. सातबारा आमच्या नावावर, सारा आमच्या नावावर, आणि शेतात कोयता न्यायचा नाही.

आमच्या गटाच्या बांधाला खांड गेली तेव्हा मी स्वतः अर्ज घेऊन तीन हेलपाटे घातले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. पहिल्यांदा सांगितलं साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यांदा अंदाजपत्रक वर गेलंय, तिसऱ्यांदा "तिथं झाडी आलीय, आता वनविभागाचं ना हरकत पत्र लागेल". म्हणजे ज्या उशिरामुळं झाडी आली, तीच झाडी आता उशिराचं कारण. आम्ही शेवटी गावातल्या तेवीस घरांनी वर्गणी काढून आतून दुसरा आखूड बांध घातला. काही खाचरं वाचली, काही बाहेर राहिली. बाहेर राहिली ती गेली, असंच समजायचं.

त्या ताईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "मग तुमचं म्हणणं काय, तिवरं नकोत?" हा प्रश्न बरोबर होता आणि याचं उत्तर आपल्या लोकांनीही नीट द्यायला शिकलं पाहिजे. तिवरं पाहिजेत. बांधाच्या बाहेर पाहिजेत. बाहेरच्या अंगाला तिवर-चिपीची दाट ओळ असली की लाट बांधापर्यंत पोचताना अर्धी मरते. जिथं ती ओळ गेली तिथं बाहेरकाठा दरवर्षी ढासळतो, हे मी माझ्याच गावात दोन टोकांना दोन वेगळ्या अवस्थेत बघतो. त्याच मुळांत निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबीची पिल्लं. तिवर हा आमचा बिनपगारी राखणदार आहे. फक्त राखणदारानं घराबाहेर उभं राहायचं असतं.

आपल्याकडचे काही जण यावर चिडतील, कारण त्यांना बांध फुटलेलाच सोयीचा आहे. उघड बोलतो. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांची जमीन संपादनात गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्यावर आपली पाच माणसं गोळीबारात गेली, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वातल्या त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. २०२४ मध्ये अटल सेतू, आणि त्याच वर्षी उरण-पनवेल-पेणची १२४ गावं नव्या शहरासाठी अधिसूचित झाली. एवढं बघितलेल्या माणसाला वाटतं, कशाला बांध सांभाळायचा, भाव येईल तेव्हा देऊन टाकू. मी त्याला नावं ठेवत नाही, त्याच्या पोराला शेतीत काय मिळतं ते मलाही माहीत आहे. पण व्यवहार म्हणून तरी बघा. आत तिवर उभं राहिलेल्या जमिनीला शेतकरी भाव देत नाही, बिल्डर देत नाही, आणि मोबदल्याच्या वेळी कागदावर ती शेती म्हणून धरली जाईल का यावरच वाद घालत बसावं लागतं. विकायची असो की कसायची, बांध दोन्हीकडं लागतोच.

दुसऱ्या बाजूला, पाणथळ जागांसाठी भांडणाऱ्या शहरातल्या मित्रांनाही एक सांगणं आहे. पाणजेसारख्या ठिकाणी भरतीचं पाणी आत येऊ द्या, पक्षी जगतील, ही त्यांची मागणी. पक्षी मलाही आवडतात. पण उघाडी हा शब्द ऐकला की "पाणी अडवण्याचं कारस्थान" एवढाच अर्थ घेऊ नका. एका जागी बंद उघाडीनं पाणथळ सुकते, दुसऱ्या जागी उघड्या उघाडीनं गाव बुडतं. कुठली उघाडी कशासाठी आहे हे बांधावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. नकाशावर दोन्ही सारख्याच दिसतात.

म्हणून माझं मत: किनारा चालणाऱ्या प्रत्येक गटानं वाटेत किमान एक तास खारबांधावर घालवावा. दया दाखवायला नाही. त्यांच्याकडं जे आहे ते आपल्याला लागतंय म्हणून. प्रत्येकाच्या हातात जागा आणि वेळ नोंदवणारा कॅमेरा आहे. एकाच बांधाचे, त्याच त्याच खुणांवरून, वर्षातून चार वेळा फोटो निघाले, तर बीळ कधी पडलं, खांड कधी गेली, किती रुंदावली, पहिलं रोप कधी दिसलं, याची तारखेसह नोंद होते. खांड गेल्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंतचे जे आठ-दहा महिने असतात, त्यातच काय ते करून घ्यायचं. झाड धरल्यावर हात लावायचा नाही, तो गुन्हा आहे आणि मी तसा सल्ला देणार नाही. म्हणजे कागद हलवायचा तो आधी. शेतकऱ्याचा अर्ज एकटा गेला तर टेबलावर पडून राहतो. त्याच्यासोबत नेरूळ-खारघरच्या वीस लोकांच्या सह्या आणि तारखेचे फोटो गेले तर तो उचलावा लागतो. हे मला आवडत नाही, पण असंच आहे.

कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांना दोन विनंत्या. खारं पाणी शिरल्यावर पंचनामा होतो त्यात पीक किती गेलं एवढंच लिहितात. जमिनीची क्षारता त्याच वेळी मोजून लिहा, कारण पीक एका वर्षाचं जातं पण माती पुढची दोन-तीन वर्षं मार खाते, आणि त्याचा कुठं उल्लेखच नसतो. दुसरी, पनवेलला आपलं खारजमीन संशोधन केंद्र आहे, दापोली विद्यापीठाचं. पनवेल-१, २, ३ या जाती तिथल्याच. बियाणं वेळेत आणि पुरेसं मिळालं तर खांड बुजवल्यानंतरच्या पहिल्या वर्षी लोक निदान पेरायला तयार होतात. नाहीतर एक वर्ष ओस, मग दुसरं, मग सवयच लागते. काळा राता, भुरा राता ज्यांच्याकडं अजून आहे त्यांनी ते मूठभर तरी दरवर्षी पेरून जिवंत ठेवा. उत्पन्न कमी देतात, पण खारात उभे राहतात.

आणि आपल्यापैकी जे गट घेऊन जाणार आहेत त्यांना: गट फुकट फिरवू नका. आम्ही त्या दिवशी बांधावर फिरवण्याचे वेगळे पैसे घेतले आणि ते बांधाच्या वर्गणीत जमा केले. कुणी कुरकुर केली नाही. भाकऱ्या गावातल्या बायकांनी केल्या, त्याचे पैसे त्यांच्या हातात दिले. बांधावरून चालताना एका रांगेत, कडेनं नाही, मधून. पावसाळ्यात बांधावर गट अजिबात नेऊ नका. ओल्या बांधावर तीस माणसांचे साठ पाय पडले तर आपणच खांड पाडू.

बांधावर आलेल्या एकोणीस जणांपैकी सहा जणांनी पुढच्या उधाणाला परत यायचं कबूल केलंय, फोटोच्या पहिल्या फेरीसाठी. ताई त्यात आहेत. पुनवेला भरती दुपारी बाराच्या आसपास, तेव्हा बारा ठिकाणी बांबूच्या खुणा ठोकून ठेवायच्यात, तेवढं काम मी या आठवड्यात करतोय.

एक विचारायचंय. आमच्या उघाडीची झडप बदलायला आलीय. सागाची टिकते पण आता परवडत नाही, लोखंडी दोन पावसाळ्यांत गंजते. कुणी फायबरची बसवली असेल तर किती वर्षं झाली, भरतीला नीट मिटते का, आणि बिजागऱ्या कशाच्या घातल्या, ते खाली लिहा. फोटो असेल तर टाकाच.